सात बेटांची यादी

पहिल्या यादीत सात बेटं होती. मिकोनोस, पारोस, नाक्सोस, सांतोरिनी, मिलोस, क्रीट आणि कोर्फू. हातात रात्री होत्या बारा. यादी वहिनीने केली होती, मुलाच्या जुन्या वहीच्या कोऱ्या पानांवर, प्रत्येक बेटापुढे 'बघण्यासारखं' असा रकाना आखून. जानेवारीतली रात्र होती, नाशिकच्या थंडीत आम्ही तिघी शाली गुंडाळून जेवणाच्या टेबलाशी बसलो होतो. तिघी म्हणजे ताई, वहिनी आणि मी. आमच्यापैकी कुणीच तोवर देशाबाहेर गेलेलं नव्हतं.

ताईने चौतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. तिने यादी वाचली नाही, आधी नकाशा उघडला.

"कोर्फू इथे," ती म्हणाली. बोट पार डावीकडे, अल्बेनियाच्या किनाऱ्याजवळ. "आणि बाकीची इथे. मधे अख्खा ग्रीस आहे. आणि हे क्रीट. वहिनी, हे बेट आपल्या नाशिक जिल्ह्याच्या निम्म्याहून मोठं आहे. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अडीचशे किलोमीटर. ते दोन दिवसांत 'करून' यायचं?"

त्या रात्री दोन बेटं गळली. पुढच्या आठ महिन्यांत आणखी गळत गेली. हा लेख त्या गळतीविषयी आहे, कारण पहिल्यांदा बेटांवर जायला निघालेला माणूस सगळ्यात जास्त चुकतो तो इथेच. मोटारीने फिरताना गावं जोडत जाता येतं. समुद्रात तसं होत नाही. नकाशावर शेजारी दिसणाऱ्या दोन बेटांमध्ये बोटच नसते, किंवा आठवड्यातून दोनदा असते, किंवा आधी तिसऱ्याच बेटावर जाऊन बदलावी लागते. म्हणून बेटं निवडायची नसतात, बोटीचा मार्ग निवडायचा असतो. अथेन्सच्या पिरेअस बंदरातून निघणारी मोठी बोट पारोसला थांबते, मग नाक्सोसला, मग सांतोरिनीला. ही एक ओळ. या ओळीवरची बेटं घेतली तर सामान एकाच दिशेने पुढे जातं. ओळ सोडली की प्रत्येक उडीत निम्मा दिवस बंदरावर जातो.

या बेटसमूहाचं नाव किक्लादेस. वर्तुळाला ग्रीकमध्ये किक्लोस म्हणतात. आपलं 'चक्र' आणि हा शब्द एकाच मुळातले. दोनशेच्या वर बेटं, त्यांतली वस्तीची पंचवीसच्या आत-बाहेर, आणि चक्राच्या आसाला देलोस नावाचं एवढंसं बेट. ते आमच्या यादीत नव्हतंच. ताईने घातलं. त्याच्याकडे पुढे येते.

फेब्रुवारीत सांतोरिनी हलू लागलं. २०२५च्या त्या महिन्यात बेटाच्या ईशान्येला समुद्राखाली भूकंपांची माळच लागली, सगळ्यात मोठा ५.३ रिश्टरच्या घरात, आणि दहा हजारांहून अधिक माणसं बेट सोडून गेली. भावाने वर्तमानपत्र आमच्यापुढे ठेवलं. ताईने भूकंपाची बातमी मुलांना समजवावी तशी त्याला समजावली: हा ज्वालामुखीच आहे, १९५६ साली इथे मोठा भूकंप झाला होता, आत्ता धोका किती हे आपण इथे बसून ठरवायचं नाही, तिथले शास्त्रज्ञ ठरवतील. मार्चमध्ये हादरे ओसरले. आम्ही सांतोरिनी ठेवलं, पण शेवटी ठेवलं, दोनच रात्रींचं, आणि आदल्या आठवड्यापर्यंत रद्द करता येईल अशीच खोली घेतली.

तारखा मात्र पंचांगाने ठरवल्या. मे महिन्यात घरात लग्न. जुलै-ऑगस्टात एजियन समुद्रावर उत्तरेचा वारा जोरात असतो, गर्दी आणि भावही तेव्हाच शिखरावर. सप्टेंबरात समुद्र उन्हाळाभर तापून उबदार राहतो आणि माणसं पांगलेली असतात. म्हणजे अनंत चतुर्दशी झाली की निघायचं आणि घटस्थापनेच्या आत परत. मधला पंधरवडा पितरांचा. मावशीने फोनवर विचारलंच, "पितृपक्षात कुणी हौसेच्या प्रवासाला निघतं का गं?" आईची तिथी अविधवा नवमी, १५ सप्टेंबरला येत होती. भाऊ घरी सगळं करणार होता. ताई मावशीला एवढंच म्हणाली, "आईला बोटीचं किती होतं, तुला ठाऊक आहे."

होतंच. आई जयगडची. लहानपणी ती आगबोटीने मुंबईला येई. आगबोट धक्क्याला लागत नसे, बाहेर उभी राहायची, होडीतून जाऊन शिडी धरायची. बोट लागून अर्धी माणसं आडवी झालेली असत, आणि ही म्हणे कठड्याशी उभी. ते ऐकत आम्ही दोघी मोठ्या झालो.

व्हिसाची धास्ती सगळ्यांना असते. ग्रीस शेंगेन गटात आहे. अर्ज ज्या देशात सर्वाधिक रात्री राहणार त्या देशाकडे करायचा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून घेतात, आणि निदान पंधरा दिवस आधी द्यावाच लागतो. फी ९० युरो, तीस हजार युरोंचं वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवास विमा, पासपोर्ट परतीनंतर आणखी तीन महिने चालणारा. हे सगळं जमतं. आमचं अडलं ते नावावर. मराठी बायकांची नावं कागदोकागदी वेगळी असतात. ताईच्या पासपोर्टवर नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव. बँकेच्या पुस्तकात आडनाव आधी आणि मधलं नुसतं अक्षर. निवृत्तिवेतनाच्या कागदावर अजून माहेरचं. तीन बायका आहेत असं वाटावं. बँकेकडून पत्र आणलं, लग्नाचा दाखला जोडला. प्रवासाला निघायच्या वर्षभर आधी घरातल्या बायकांनी हे कागद एका नावावर आणावेत असं मी कळकळीने सांगेन. विमान, बोट, विमा, सगळीकडे पासपोर्टावरचं नाव, अक्षरन् अक्षर.

अथेन्सच्या तीन दिवसांबद्दल थोडक्यातच सांगते. विमानतळावरून निघालेली मेट्रो २०२२पासून थेट पिरेअस बंदरापर्यंत जाते, त्यामुळे टॅक्सी लागत नाही. अक्रोपोलिसचं तिकीट ३० युरो आणि त्यावर वेळ छापलेली. आम्ही सकाळी आठची घेतली. ऊन फार झालं की दुपारी टेकडी बंद करतात, आणि इतक्या पायांनी घासलेला तो संगमरवर काचेसारखा गुळगुळीत झालेला आहे; रबरी तळव्यांचे बूट हवेत. पार्थेनॉनपुढे वहिनी खूप वेळ काही बोलली नाही. मी त्याबद्दल इथे काही लिहिणार नाही, पुष्कळांनी लिहिलंय.

पिरेअसला पहाटे पोचलो. बंदर एवढं मोठं की फाटकांना अक्षरं-आकडे आहेत, आमचं ई-७. साधी मोठी बोट नाक्सोसला सव्वापाच तास घेते. वेगवान बोट बरीच लवकर पोचते, पण भाडं जवळपास दुप्पट, आणि ती बंद असते. काचेमागे बसून राहायचं. वारा वाढला की आधी तीच रद्द होते, आणि बोट लागणाऱ्यांचे हालही तिथेच जास्त. आम्ही साधी घेतली. खाली मोटारींच्या तळावर बेटांच्या नावाच्या मांडण्या असतात, त्यांवर बॅगा ठेवायच्या आणि वर डेकवर जायचं. ताई सव्वापाच तास कठड्याशी उभी होती. मी तिला बसायला सांगितलं नाही.

उतरायचं बेट येण्याआधी पाव तास घोषणा होते. तेव्हाच खाली यायचं, कारण बोट वळून मागच्या बाजूने धक्क्याला लागत असतानाच तिचं दार साखळ्यांवर खाली येऊ लागतं. ते टेकलं की माणसं, ट्रक, मोटारसायकली एकदमच बाहेर पडतात, आणि पाच-दहा मिनिटांत बोट निघालेली असते. जड बॅग आणि दुखरे गुडघे असतील तर हे आधी माहीत असलेलं बरं.

समोर नाक्सोस. बंदरात शिरतानाच डावीकडे एक दार दिसतं, नुसतं दार, आकाशात उघडणारं. इसवी सनापूर्वी ५३०च्या सुमारास इथे अपोलोचं देऊळ बांधायला घेतलं होतं. ते पुरं झालं नाही. संगमरवरी चौकट तेवढी उभी राहिली, तिला पोर्तारा म्हणतात.

नाक्सोसवर सहा रात्री. ऐकणाऱ्या सगळ्यांनी विचारलं, एका बेटावर सहा? या बेटाला स्वतःची शेती आहे. बटाटे, चीज, द्राक्षं, अंजिरं. मधे हजार मीटरचा झास डोंगर, त्याच्या कुशीत संगमरवराच्या फरश्यांची गावं आणि तिथवर जाणाऱ्या एसटीसारख्या बस. नाक्सोस पर्यटकांवाचूनही जगतं, म्हणून तिथे पर्यटकाला माणसासारखं वागवतात आणि दामही बेताचे. सहापैकी एका दिवसापुढे ताईने वहीत काहीच लिहू दिलं नव्हतं. वहिनीला ते सलत होतं. "एवढे पैसे खर्चून जायचं आणि दिवस रिकामा?" ताई म्हणाली होती, "तो वाऱ्याचा."

वारा आला तो १४ तारखेच्या संध्याकाळी. तोवर निळा, सपाट असलेला समुद्र पांढऱ्या ठिपक्यांनी भरला. खोलीच्या मालकीणबाई, सत्तरीच्या, अंगणातल्या खुर्च्या आत घेत होत्या. त्यांनी हात आडवा फिरवला आणि म्हणाल्या, "मेल्तेमी." मग फोन काढून वाऱ्याचा नकाशा दाखवला. दुसऱ्या दिवशी आम्हाला देलोसला नेणारी लहान बोट निघणार नव्हती. रात्री तसा निरोपही आला.

वारा ठरावीक जोराच्या वर गेला की तिथलं तटरक्षक दल बोटींना बंदर सोडू देत नाही. त्या हुकुमाला अपागोरेफ्तिको म्हणतात, आणि बेटावरच्या लहान मुलालाही तो शब्द येतो. मोठ्या बोटींसाठी ही मर्यादा साधारण बोफर्ट ८ची, म्हणजे ताशी साठ-सत्तर किलोमीटरचा वारा. लहान बोटी त्याआधीच थांबतात. बंदरावर काही प्रवासी चिडले होते, कुणाचं पुढचं विमान होतं, कुणाच्या पाच बेटांची साखळी तुटली होती. मला त्यांच्याबद्दल वाईट वाटलं, पण राग त्या हुकुमाचा नको. २६ सप्टेंबर २०००च्या रात्री शेजारच्या पारोसपाशी एक्सप्रेस सामिना ही बोट खडकावर आदळून ऐंशीहून अधिक माणसं बुडाली. आणि आपल्याकडे 'रामदास' कोण विसरेल? १७ जुलै १९४७, भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली, भर पावसाळ्यात, सहाशेवर माणसं गेली. आईच्या पिढीने ते नाव कधी मोठ्याने घेतलं नाही. बोट थांबवणारा माणूस धक्क्यावर असणं ही मोठी गोष्ट आहे. शेवटच्या बेटावरून थेट परतीचं विमान कधी धरू नये, मधे अथेन्सची एक रात्र ठेवावी, हेही त्याच माणसासाठी.

तर १५ तारीख. नवमी. बोट नाही, वहीतलं पान कोरं. आम्ही बसने सांग्री गावाकडे गेलो. गावापासून शेतांमधून चालत गेलं की दिमित्राचं देऊळ लागतं, धान्याच्या देवीचं. पांढऱ्या दगडाचं, लहानसं, चहूबाजूंनी कापून झालेली शेतं. मंदिर शेतातच का, तर देवीच ती. तिची मुलगी पाताळात नेली गेली आणि ही आई तिला शोधत पृथ्वीभर फिरली, तोवर कुठेच काही उगवलं नाही, अशी कथा. ताईने ती पुरी सांगितली. वाऱ्यात तिचा आवाज मधेच तुटत होता. मग आम्ही दोघी पायरीवर बसलो. घरी तेव्हा पानं वाढून झाली असतील.

संध्याकाळी मालकीणबाईंना वहिनीने खुणांनी आणि फोनवरच्या भाषांतराने सांगितलं की आज यांच्या आईचा दिवस. त्या आत गेल्या. बाहेर आल्या त्या वाट्या घेऊन: तांदळाची गार खीर, वर दालचिनीची पूड. रिझोगालो. त्यांनी ती सकाळीच करून ठेवली होती, आमच्यासाठी म्हणून नाही. पण श्राद्धाच्या दिवशी खीर समोर आली तेव्हा ताईच्या हातातला चमचा थांबला. मग बाईंनी त्यांची रीत सांगितली. गेलेल्या माणसासाठी गहू उकडतात, त्यात साखर, बेदाणे, डाळिंबाचे दाणे, बदाम घालतात, चर्चमध्ये नेतात आणि मग सगळ्यांना वाटतात. कोलिवा म्हणतात त्याला. बाईंनी विचारलं, तुमच्या आईचं नाव काय? आम्ही सांगितलं. त्यांनी ते दोनदा म्हणून पाहिलं.

बुधवारी वारा पडला आणि आम्ही देलोसला गेलो.

देलोसवर मुक्काम करता येत नाही. सकाळी बोट सोडते, दुपारी घेऊन जाते. अपोलोचा जन्म या बेटावर झाला अशी श्रद्धा, म्हणून इसवी सनापूर्वी ४२६ साली अथेन्सने इथल्या थडग्यांतली हाडं उकरून शेजारच्या रेनेया बेटावर हलवली आणि नियम घातला: इथे कुणी जन्मायचं नाही, कुणी मरायचं नाही. दिवस भरलेल्या बायकांना आणि अखेरच्या घटकेला टेकलेल्यांना नावेतून पलीकडे नेत. पुढे इसवी सनापूर्वी १६६मध्ये रोमनांनी हे बंदर करमुक्त केलं आणि या एवढ्याशा खडकावर सगळ्या भूमध्य समुद्राचा बाजार लोटला. धान्य, तेल, आणि गुलामही. शंभर वर्षं झाली नाहीत तो लुटालुटीत शहर संपलं. १८७०च्या दशकापासून फ्रेंच पुरातत्त्वज्ञ इथे खणत आहेत.

सावली नाही. पाणी, टोपी, बूट सोबत हवेत आणि तीन तास तरी हवेत. संगमरवरी सिंहांची रांग सगळे बघतात; मूळ सिंह संग्रहालयात आहेत, बाहेर प्रतिकृती. आम्ही टेकडीच्या बाजूला चढलो, जिथे परक्या देवांची देवळं आहेत. इजिप्तची इसिस, सेरापिस, सीरियाचे देव. बैरूतच्या व्यापाऱ्यांची स्वतःची इमारत. माणूस व्यापाराला आला, राहिला, आणि आपला देव बांधून ठेवला.

"आपल्या सतरा नंबरच्या लेण्यासारखं," ताई म्हणाली.

नाशिकच्या पांडवलेण्यांत सतरावं लेणं एका यवनाने, म्हणजे ग्रीकाने, कोरवून घेतलेलं आहे. शिलालेखात त्याचं नाव आहे, इंद्राग्निदत्त, धर्मदेवाचा मुलगा, उत्तरेकडचा, दत्तामित्री गावचा योनक. कार्ल्याच्या चैत्यातही यवनांनी दिलेले खांब आहेत. ताई दर वर्षी सातवीच्या मुलांना ते लेणं दाखवायला न्यायची, आणि हा योनक कुठून आला असेल असं विचारून मुलांना नकाशावर बोट ठेवायला लावायची. त्याने ते लेणं आईवडिलांसाठी म्हणून दिलं, असंही त्या लेखात आहे. ते तिने मला त्या टेकडीवर सांगितलं. इतक्या वर्षांत मी कधी विचारलं नव्हतं.

सांतोरिनीला बोट शिरते ती ज्वालामुखीच्या पोटातच. इसवी सनापूर्वी सोळाव्या-सतराव्या शतकात डोंगर फुटून मधला भाग खचला, समुद्र आत आला, उरली ती तीनशे मीटर उंच कड्याची कडा. त्या कड्यावरची पांढरी घरं म्हणजे जगाला माहीत असलेली छायाचित्रं. सुंदर आहेतच. पण कड्यावरच्या खोल्या म्हणजे पायऱ्या, खोलीपासून रस्त्यापर्यंत पायऱ्या, आणि सूर्यास्ताला इया गावात पाऊल ठेवायला जागा नसते. आम्ही पलीकडच्या उतारावर, काळ्या वाळूच्या पेरिस्साला राहिलो. आम्हाला हवं होतं अक्रोतिरी. राखेखाली गाडलं गेलेलं गाव, १९६७पासून स्पिरिदोन मारिनातोस यांनी खणून काढलेलं. १९७४मध्ये तिथेच काम करताना ते गेले. मोठ्या छपराखाली गल्ल्या आहेत, दुमजली घरं, सांडपाण्याच्या मोऱ्या, ओळीने मांडलेले रांजण. माणसांचे सांगाडे मात्र सापडले नाहीत. आधी हादरे बसले असावेत, आणि लोक हाताशी लागेल ते उचलून बोटींत बसले असावेत. सात महिन्यांपूर्वीची बातमी आठवली आणि वहिनीने माझा दंड धरला.

खाण्याची काळजी निघण्याआधी सर्वांत जास्त केली आणि ती सर्वांत आधी मिटली. आम्ही तिघी शाकाहारी. ग्रीक ऑर्थोडॉक्स लोकांचे उपवास वर्षात इतके की बिनमांसाचं जेवण त्यांच्या घरचंच आहे. 'निस्तीसिमो' म्हटलं की मांस, अंडं, दूध नसलेलं मिळतं. 'लादेरा' म्हटलं की तेलात शिजलेल्या भाज्या, भेंडीसुद्धा. मोठ्या पांढऱ्या घेवड्याचा रस्सा, भात भरलेले टोमॅटो. मेतकूट-भाताची पिशवी तशीच परत आली.

अक्रोतिरीहून परतताना रस्त्याकडेच्या खाणावळीत बसलो. मालकाने सांतोरिनीची फावा घ्याच म्हणून आग्रह केला. पिवळीधमक, घोटलेली, वर कच्चा कांदा, ऑलिव्हचं तेल, लिंबाची फोड. मला ते मुगाचं गोळा वरण वाटलं. वहिनीने एक घास घेतला आणि चमचा खाली ठेवला. ती भंडाऱ्याची. "ही लाखोळी आहे," ती म्हणाली.

ताईने फोनवर शोधलं. सांतोरिनीची फावा लॅथिरस कुळातली, आपली लाख त्याच कुळातली, सख्खी चुलत. १९६१ साली विक्रीवर बंदी आली ती लाख, धानाच्या बांधीत ओलीवर पेरलेली, वहिनीच्या माहेरी गरिबाची डाळ म्हणून हिणवली गेलेली. इथे ती बेटाच्या नावाने मानाने ताटात येते.

वहिनीने तिथूनच आईला व्हिडिओ कॉल लावला. भंडाऱ्यात दुपार कलली होती. म्हातारी पडद्याजवळ डोळे आणून वाटी बघत राहिली.

"लाखोळीचं वरण हाय का गं थे?"

"हो आई. यायच्या इथली आहे."

"तिकडं धान पिकते?"

"धान नाही. पाणीच नाही इथं."

"मंग लाख कशात पेरते? वावर दाखव बरं."

वहिनी उठली. फोन पुढे धरून ती रस्ता ओलांडून राखट मातीच्या उतारापाशी गेली. तिथे वाऱ्यापासून वाचवायला द्राक्षाच्या वेली जमिनीसरशी गोल वळवून टोपल्यांसारख्या केलेल्या होत्या, आणि मधल्या पट्ट्या पेरणीची वाट बघत मोकळ्या पडल्या होत्या. ती हळूहळू फोन फिरवत होती, म्हाताऱ्या आईला सगळं दिसावं म्हणून.